आठ डब्या

मला कळलं होतं. हे तीन शब्द मी आजवर ना बायकोला सांगितले, ना माझ्या मार्गदर्शकांना, ना भावाला.

पीएचडीसाठी मी आतड्यांचा अभ्यास घेतला होता. मायक्रोआरएनए म्हणजे पेशींच्या कामावर लगाम ठेवणारे बारीक रेणू. ते विष्ठेतही सापडतात, आणि आतड्याच्या अस्तराला काही दुखणं आहे का, याचा अंदाज त्यांच्यावरून येतो. बीटी कपाशीतही बोंडअळी शिरली होती, फवारण्या वाढल्या होत्या. म्हणून मी विषय ठरवला: फवारलेल्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायकांची आतडी. पुण्यात बसून विषय फार शोभला. नमुने मात्र गावातून आणायचे होते, आणि गाव माझंच, वडनेर भोलजीच्या अलीकडचं.

पानठेल्यावर माझं स्वागत झालं. "काऊन बे, एवढा शिकून हेच राह्यलं काय गोळा करायचं?" दुसरा म्हणाला, "माह्यं घेऊन जाय, ताजं हाय."

तुलनेसाठी पुरुषांचेही नमुने हवे होते; त्यांनी थट्टा करत का होईना, डब्या भरून दिल्या. बायका भडकल्या. एकीने रिकामी डबी माझ्या अंगावर फेकली. ज्या आठ बायका मी यादीत धरल्या होत्या, त्या वहिनीच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोच्या, सोबत वेचणीला जाणाऱ्या. म्हणून मी वहिनीवरच खेकसलो. "एवढंसं काम होत नाही तुमच्याकडून? आठ डब्या नाही मिळाल्या तर माझं वर्ष वाया जाईल." अगदी पुणेरी मराठीत बोललो, हेही आठवतं. चौथ्या दिवशी सकाळी आठही डब्या थर्माकोलच्या खोक्यात, बर्फात, नावांच्या चिठ्ठ्या लावून तयार होत्या.

दोन माणसांच्या पोटातले जिवाणू कधी एकसारखे नसतात, मायलेकींचेही नसतात. बायकांचे आठही नमुने हुबेहूब एक होते. आठांतही रक्ताचा अंश होता, आणि अस्तर बिघडल्यावर वाढणारे रेणू भरमसाट वाढलेले. त्या आठ बायका नव्हत्या. एकच होती, आणि ती आजारी होती. ती कोण, हे ओळखायला यंत्र लागत नव्हतं.

एक फोन करायचा होता. "वहिनी, अकोल्याला जाऊन पोट तपासून घ्या." पण तो केला असता तर डब्यांचं बिंग फुटलं असतं, नमुने बाद झाले असते, आणि वेचणीचा हंगाम उलटून गेला होता. काही खोटं कारण सांगूनही करता आला असता तो फोन. मी तेवढीही तोशीस घेतली नाही. आठ ओळींतले आकडे थोडे खालीवर केले, आठ वेगळ्या बायका दिसाव्यात म्हणून. लेख छापून आला. त्याच आकड्यांवर आणखी दोन लेख उभे केले. त्यांच्या जोरावर नोकरी लागली.

दोन वर्षांनी भावाचा फोन आला. वहिनीच्या आतड्यात गाठ निघाली होती. अकोल्याला ऑपरेशन झालं, पोटाला शौचाची कायमची पिशवी लागली. "डॉक्टर म्हणत होते, दोन वर्षं आधी आणलं असतं तं पिशवी टळली असती," तो म्हणाला.

मी भेटायला गेलो. ती ओसरीत खाटेवर बसली होती.

"आले काय भाऊजी? आज डबी नाही आणली?"

"गप्प राह्य ना वं," भाऊ म्हणाला.

"काऊन गप्प राहू? तवा डबीत मागत होते, आता तं पिशवीच भरून हाय. घेऊन जा म्हणा." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "अन् एक ऐकाच आता. त्या आठी डब्या म्याच भरल्या होत्या. बाया देत नव्हत्या, अन् तुमी माह्यावर खेकसले. तीन दिवस भरत होती मी. तुमाले कळलंच नाही! कायचे शास्त्रज्ञ हो तुमी? म्हशीचं शेण देलं असतं तरी चाललं असतं."

भाऊ हसला. तीही हसली, पोटावर हात दाबून धरत.

मी म्हणालो, "नाही कळलं, वहिनी."

मूर्ख ठरणं मला परवडलं. ती अजून मला मूर्खच समजते. पोळ्याला गेलो की ताट वाढताना एखादा टोमणा ठरलेला. आणि मला त्या टोमण्यांचा राग येतो. जिचं वाटोळं केलं, तिचाच राग. इतका कोडगा मी झालो आहे.

तिची ती दोन वर्षं मी परत देऊ शकत नाही. तिन्ही लेख मागे घ्यावेत, आठ बायका नव्हत्या, एक होती, असं संपादकांना लिहायचं आहे. त्याआधी गावी जाऊन, तिच्या खाटेसमोर बसून, भावाच्या देखत सांगायचं आहे की वहिनी, मला कळलं होतं. ते अजून सांगितलेलं नाही.