जेवण म्हणजे फुफू

घानातल्या कुमासीत बहिणीच्या खानावळीत क्वाबेना आम्पोफोने जन्मभर फुफू, म्हणजे उकडलेल्या कंदाचा आणि कच्च्या केळ्यांचा चिकट लगदा, कुटला. मग त्याचं स्वादुपिंड बिघडलं. पिठूळ आणि तेलकट अन्न फोडणारे रस आटले, खाल्लेलं तसंच बाहेर पडू लागलं. डॉक्टरांनी त्याच रसांच्या गोळ्या दिल्या, जेवताना घ्यायला. तरी तो वाळतच गेला. गल्ली म्हणाली, बहीण चेटकीण आहे, भावाला आतून खातेय. गिऱ्हाईक तुटलं. मी त्यांचा शेजारी, माझं डोकं फिरलं, मी नर्सलाच घेऊन गेलो.

"दादा, गोळ्या घेता ना?" तिने विचारलं.

"घेतो की. संध्याकाळी जेवताना."

"आणि दुपारी?"

"दुपारी मी जेवतच नाही."

बहीण आफ्रिये भडकली. "मग बशीभर भात आणि तळलेली केळी कोण गिळतं?"

"त्याला जेवण म्हणतात? फुफू कुठाय त्यात?"

नर्सही आमच्यातलीच, तिला लगेच कळलं. तिने पाकिटावर लिहिलं, 'काहीही चावताना'.

"मग फुफूबरोबर बंद?" क्वाबेनाने विचारलं. "तो चावत नाहीत, गिळतात."

तिने खाली 'आणि गिळताना' असं जोडलं.

क्वाबेना अंगाने भरला. आफ्रियेने त्याला दारातच उघड्या अंगाने कुटायला उभं केलं. पोट दिसू लागलं तशी गल्ली परतली. माफी कुणी मागितली नाही, फुफू मागितला.