उष्टी पट्टी

रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी आईचं मीठ बंद केलं आणि आईनं जेवणच बंद केलं. गावी, निरगुडसरला फोन केला की रोजचं उत्तर ठरलेलं, "जेवले की." शेजारच्या काकू मात्र वेगळंच सांगायच्या. गेल्या महिन्यात घरी गेले, तर तिच्या बांगड्या पार कोपरापर्यंत घसरत होत्या. मला रडू आलं नाही, संताप आला.

पुण्यात मी ज्या प्रयोगशाळेत काम करते, तिथं आम्ही कॉम्प्युटरमधून जिभेपर्यंत चव पोचवायच्या खटपटीत असतो. बोटाएवढी पट्टी जिभेच्या टोकाला लावायची, फोनवरून तिच्यात अगदी बारीक करंट सोडायचा, की अळणी घासही खारट लागतो. सगळ्यांनाच लागतो असं नाही. तरी या खेपेला घरी येताना साहेबांच्या हातापाया पडून मी एक पट्टी मागून आणली होती.

आईनं ती उलटीपालटी करून पाहिली.

"कुणाकुणाच्या तोंडात जाऊन आलीय ही?"

"अगं, स्पिरिटनं पुसलीय."

"पुसलीय. धुतली न्हाई."

"नळाखाली धरली तर बिघडते ती."

"मग उष्टीच की."

झालं. जंतू म्हणजे काय, ते स्पिरिटनं कसे मरतात, सगळं सांगून झालं. दवाखान्यातला थर्मामीटर कसा चालतो म्हणून विचारलं, तर म्हणे, "त्यो काखंत लावत्यात." तासभर डोकेफोड केली. जरा चहाचं आधण ठेवायला वळले, तर ही बाई पट्टी घेऊन मोरीवर! एका हातात घासणी, दुसऱ्या हातात तांब्या. धावत जाऊन हिसकावून घेतली. सगळ्या लॅबचा जीव होता त्या पट्टीत, आणि माझाही.

"हे बघ!" म्हणत मी ती स्वतःच्याच तोंडात घातली. करंट सोडला. जीभ चुरचुरली. "मेले का मी?"

मग पट्टी काढून पुसायला कापूस शोधायला लागले, तेवढ्यात आईनं ती माझ्या हातातून घेतली.

"अगं, पुसू तरी दे!"

"लेकराचं उष्टं काय पुसायचं?" म्हणाली आणि सरळ जिभेवर ठेवली.

मी कपाळावर हात मारून घेतला. एवढं स्पिरिट फुकट गेलं, माझी थुंकी चालली!

ताटात अळणी आमटी होतीच. तिनं भाकरी कुस्करली, पहिला घास घेतला, मी करंट सोडला. चावता चावता ती थांबली. मी विचारलं, खारट लागतंय का? तिनं ताट तेवढं जवळ ओढलं आणि खाली मान घालून खात राहिली. भाकरी संपल्यावर पट्टी गालाशी सरकवून म्हणाली, "लई दिस भूक लागली व्हती गं मला."

मी दुसरी भाकरी वाढली. पट्टी सोमवारी परत न्यायची होती, आणि ते सांगायला माझं तोंड उघडेना.