ऐंशी घरांचे धोडी सर

धोडी सरांच्या लॅबमध्ये पहिले दोन आठवडे कॉम्प्युटरला हात लावायची मनाई असे. मुलांनी गणिताची चौकटीची वही आणायची, पानं जोडून एका ओळीत ऐंशी चौकोन करायचे, आणि सी प्रोग्रॅममधून पडद्यावर जे छापायचं ते आधी पेन्सिलीने त्यात भरायचं. काळ्या पडद्यावर एका ओळीत ऐंशी अक्षरं मावतात. सर त्यांना घरं म्हणत. "आधी घरं मोज नी मग टाइप कर. कोण कुठं राहतो ते ठाऊक नाही, नी निघाली पत्रं वाटायला!"

डहाणूच्या त्या कॉलेजात मी विभागप्रमुख होतो, म्हणजे सह्या करत होतो. शिकवत ते. तलासरीहून एसटीने येत. तासिका तत्त्वावर होते, त्यामुळे दर जूनला नेमणुकीचं नवं पत्र येईपर्यंत आपण शिक्षक आहोत की नाही हे त्यांना नक्की ठाऊक नसे.

एकदा वरोरच्या एका मुलीने गुणांचा तक्ता छापला. ओळी सरळ, देखणा. सरांनी तो वाचला.

"बाय, तुझं नाव अर्धंच कसं?"

"लांब आहे ना सर. पूर्ण लिहिलं की पुढचे आकडे सरकतात."

"सरकू दे. छापायच्या हुकमात नुसता आकडा दिलास तर नावाला तेवढी जागा मिळते, नी जागा कमी पडली तर ते पुढे पाय पसरतं. आकड्याआधी टिंब दिलंस की कात्री चालते. रांग वाकडी झाली तर चालेल. माणसाचं नाव कापायचं नाही."

मी दारात उभा राहून हे ऐकलं होतं. मला टिंब तेवढं लक्षात राहिलं.

२०१६ साली नव्या लॅबचं उद्घाटन ठरलं. नवी म्हणजे जुन्याच लॅबला नवा रंग. पाहुण्यांची नावं, पदं आणि गावं मोठ्या पडद्यावर झळकणार होती. प्रोग्रॅम धोडी सरांचा. ऐंशीच्या ऐंशी घरं भरली होती आणि शेवटची ओळ बाहेर जात होती. तिथे आमच्या संस्थेचे अध्यक्ष होते, आपल्या पदवीसकट.

"सर, ही ओळ वाकडी दिसते," मी आदल्या दिवशी म्हणालो.

"मोठा पाहुणा आहे, ओसरीवर बसेल. खाट लहान म्हणून पाय थोडेच कापायचे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची एसटी यायच्या आत मी प्रोग्रॅम उघडला आणि नावाच्या वीस या आकड्यापुढे टिंब देऊन पुन्हा वीस लिहिलं. सगळ्या ओळी सुतात आल्या. मी रांग पाहिली, नावं वाचली नाहीत.

समारंभात फीत कापली गेली, पडदा उजळला, आणि रोमन लिपीत शेवटची ओळ आली: 'शिक्षणमहर्षी भा'. पदवी पूर्ण मावली होती, माणूस बाहेर राहिला होता. मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं.

"हे कोणी केलं?" अध्यक्षांनी विचारलं. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"प्रोग्रॅम धोडी सरांचा आहे," मी म्हणालो. वाक्य शब्दशः खरं होतं. इतकं खोटं मी आयुष्यात दुसरं बोललेलो नाही.

सर भिंतीपाशी उभे होते. त्यांनी पडदा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं.

त्या जूनला त्यांचं पत्र आलं नाही. प्राचार्यांना खरं सांगायला मी योग्य वेळेची वाट पाहत होतो. योग्य वेळ ही फार सोयीची गोष्ट आहे, ती कधी येतच नाही.

लॅबची किल्ली परत करायला ते माझ्या खोलीत आले. मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

"फार वाईट झालं, सर," मी म्हणालो.

"तुमचं नाव किती घरांचं?"

मी बोटांवर मोजलं. "चौदा."

"मग तुम्ही पुरे मावलात."

किल्ली टेबलावर ठेवून ते एसटी गाठायला निघाले. मी लॅबमध्ये जाऊन ते टिंब आणि त्यापुढचे वीस काढले. शेवटची ओळ पुन्हा पाय पसरून बाहेर गेली. पाहायला तिथे मी एकटाच होतो.