रद्दीतले पत्ते

दोन हजार सालानंतर मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत शिपाई हुतो. शिकलो चौथी. तिथलं कॉम्प्युटरचं मोठं मशीन मधेच बंद पडायचं, आणि पडताना प्रिंटरातनं लांबच्या लांब कागद सोडायचं. नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं. इंजिनिअर पुण्याला. अक्षरं तेवढी ओळखायला शिकलो हुतो; फोनवर एकेक वाचायचो, त्यावरनं तो तिकडं बसून बिघाड ओळखायचा. मग कागद रद्दीत. एक बाजू कोरी, टाकवत न्हाय. मी घरी न्यायचो. बायको त्याची गल्लीतल्या पोरींच्या वह्यांना कव्हरं घालून द्यायची.

एकदा इंजिनिअर स्वतः आला, मागचे कागद मागितले. मी खरं ते सांगितलं. त्याचं तोंडच उतरलं. म्हणाला, मशीन चालवणारा मुख्य प्रोग्राम आत कुठल्या जागी काय ठेवतो, त्याचे पत्ते ह्या कागदावर असतात. मशीनमधी चोरून घुसणाऱ्याला मग काय कुठं हाय ते शोधावं लागत न्हाय.

"मामा, एक कागद बाहेर राहिला तरी पुरे."

काय झालं तर पहिलं नाव शिपायाचं येणार. ह्याला इंग्रजी कळत न्हाय, असं कोण म्हणणार?

घरी सांगितलं. बायकोनं तवा उतरवला.

"कुणाकुणाच्या वह्या ते मला ठावं हाय. तुमी पेपर फाडा."

दारोदार फिरली, वर्तमानपत्राची कव्हरं घालून जुनी काढून आणली. शेजारीण म्हणाली, वैनी, रद्दी आता देव्हाऱ्यात ठेवणार काय? सगळी आली, एक सोडून. ते बिऱ्हाड मागावर कामाला इचलकरंजीला गेलतं, वहीसकट.

तेही मी इंजिनिअरला सांगितलं. त्यानं आतल्या जागाच बदलल्या, आणि कागदावर आकड्यांच्या जागी सगळीकडं शून्यं येतील असं केलं. पुढच्या आठवड्यात मशीन पडलं. मी फोनवर शून्यं वाचली. त्याला काय कळंना, अर्धा दिवस काम बंद. मग त्यानं मधला रस्ता काढला. बाहेर टेबलांवरच्या प्रिंटरांवर शून्यं, खरे आकडे फक्त आतल्या खोलीतल्या प्रिंटरवर. त्या खोलीला कुलूप. वाचून झालं की कागद जाळायचा. किल्ली माझ्याकडं दिली.

मी म्हटलं, मला नको.

"इचलकरंजीचा कागद तुम्ही आपणहून सांगितला. दुसऱ्या कुणाला देऊ?"

बायकोनं माझ्या बंडीला आतनं किल्लीपुरता खिसा शिवला. दिवसातनं पन्नासदा मी तो चाचपायचो. मी निवृत्त व्हायच्या आधीच ती वारली. त्यानंतर शिवण उसवली की मीच टाका घालायचो, वाकडातिकडा, आणि सुटतोय काय ह्या धास्तीनं दिवसभर छातीवर हात धरून बसायचो.