कुसुम इथे राहत नाही

ती चौकशी मला आजही लख्ख आठवते. विसरायचा प्रयत्न मी पुष्कळ केला, पण घरचे विसरू देत नाहीत. आठवणी लिहिताना अधिकारी कुणाचं खरं नाव घेत नाहीत, मीही घेणार नाही. अडचण एवढीच, की ही गोष्टच नावाची आहे. म्हणून जिची चौकशी केली त्या बाईंना मी दोन खोटी नावं देतो, कुसुम आणि मंगल. दोन का, ते पुढे कळेल. मला कळलं त्याच्या बरंच आधी तुम्हाला कळेल, याची मला खात्री आहे.

नव्वदच्या दशकात मी सुरतेत बमरोलीकडच्या एका पोलीस ठाण्यात फौजदार होतो. सकाळी हजेरी, मग आदल्या दिवशीच्या मारामाऱ्यांचे जबाब आणि दुपारी, सगळं निवलं की, पासपोर्टच्या पडताळण्या. पडताळणी म्हणजे पत्त्यावर जायचं, माणूस तिथे राहतो का बघायचं, शेजारच्या दोघांचे जबाब घ्यायचे आणि चहा प्यायचा. माझ्याकडून क्रम कधी कधी उलटा व्हायचा.

एके दिवशी कुसुमबाईंचा अर्ज आला. जन्म कराचीचा. तिकडे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरातली ही मुलगी सुरतेत मावशीकडे पाहुणी म्हणून आली आणि मावशीने तिचं लग्न खानदेशातून आलेल्या एका मिल कामगाराशी लावून दिलं. बरीच वर्षं परवान्यावर राहून ती नुकतीच भारताची नागरिक झाली होती. जुना पासपोर्ट परत केलेला, नवा हातात नाही, म्हणजे तूर्त देशाबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. आणि तिला तातडीने जायचं होतं. कराचीत आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. हे सगळं मला माहीत होतं. पण माझी नजर ‘कराची’ या शब्दावर जी बसली, ती उठेना. इतकी वर्षं सायकलचोर पकडले, आता काहीतरी मोठं हाताला लागणार, असं मनाने घेतलं.

सरळ त्या घरी जाऊन दार वाजवलं असतं तर ही आठवण लिहायची वेळ आली नसती. मी गुप्त चौकशी करायचं ठरवलं. साधे कपडे घालून चाळीत गेलो. पायात खात्याचे लाल बूट तसेच होते, ते मला नंतर दिसले. चाळीला आधीच दिसले होते. नळावरच्या बायकांना विचारलं, “इथे कुसुम कुठे राहते?”

“कुसुम? इथे कोणी कुसुम नाही, साहेब.”

“मला साहेब का म्हणता?”

“मग काय म्हणू?” एक बाई माझ्या बुटांकडे बघत म्हणाली.

कोपऱ्यावर पानाचा गल्ला, म्हणजे टपरी होती. गल्लेवाला आमचा जुना खबरी. त्याने पानाला चुना लावता लावता खबर दिली. “साहेब, आमां लोचो छे, यात गडबड आहे. कुसुम नावाचं कोणी नाही. पण त्या घरात कराचीची एक बाई आहे खरी. तिला सगळे मंगल म्हणतात.”

कागदावर एक नाव, मोहल्ल्यात दुसरं. आमच्याकडे दोन नावांची माणसं हिस्ट्रीशीटर असतात. मी जवळजवळ पळतच ठाण्यात आलो. आमचे पीआय गुजराती, शांत गृहस्थ. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, “ए बेनने पूछ्युं?” त्या बाईंना विचारलंत का?

“सर, संशयिताला सावध करायचं नसतं,” मी त्यांना शिकवलं. ते मान हलवत पुन्हा वर्तमानपत्रात गेले.

मी नवऱ्याला ठाण्यात बोलावलं. मिलमधून तसाच आला होता, हाताला निळा रंग. खुर्ची दिली तरी बसेना.

“बायकोचं नाव काय?”

तो लाजला. त्यांच्याकडे जुनी माणसं बायकोचं नाव घेत नाहीत. “कागदवर शे ना, साहेब.”

“कागदावर कुसुम आहे. चाळीत मंगल म्हणतात. यातलं खरं कोणतं?”

“दोन्ही तिनाच नाव शेतस, साहेब. तेनं आसं शे, की...”

“विचारलं तेवढंच सांगा.”

मी हवालदाराकडे विजयी मुद्रेने पाहिलं. दोन नावं असल्याचं कबूल! जाताना तो दारात थांबला. “साहेब, आई लई आजारी शे तिनी. तेवढं लवकर...” मी फाईल मिटली. प्रतिकूल अहवालाचा मसुदा डोक्यात तयार होता, सकाळी फक्त टंकलेखकाला सांगायचा होता.

घरी गेलो तर बायको पोळ्या लाटत होती. फोन वाजला. धुळ्याहून कुणीतरी म्हातारे, ओरडून बोलत होते. “शकू आहे का? शकूला बोलवा.”

“इथे कोणी शकू राहत नाही. राँग नंबर,” म्हणून मी फोन ठेवला.

“कोणाचा होता?” आतून आवाज आला.

“कुणाला तरी शकू हवी होती.”

लाटणं थांबलं. “मामा असतील.”

“कोणाचे मामा?”

“शकूचे,” ती बाहेर येत म्हणाली. “आपल्या लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने माझं नवीन नाव कोणी लिहिलं होतं? फौजदार, जरा तपास करा.”

मी फोनजवळच बसून राहिलो. लग्नात नाव बदलायची आपल्याकडची रीत. माझ्या आईचं बदललं होतं, वहिनीचं बदललं होतं, आणि जिच्या हातची पोळी मी रोज खात होतो तिचं तर मीच बदललं होतं. नळावरच्या बायका खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना कुसुम ठाऊकच नव्हती, आणि मी तर शकूला पार विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी गणवेशात गेलो आणि दार वाजवलं. बाईंनीच उघडलं. गणवेश पाहून त्यांचा चेहरा उतरला.

“बाई, माहेरचं नाव?”

“कुसुम.”

“आणि मंगल?”

“सासरचं. कागदपत्रं माहेरच्या नावावरच होती, तीच चालू राहिली.” मग त्या हळूच म्हणाल्या, “साहेब, तुम्ही मराठीच ना?”

“हो.”

“नाही, मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

शेजारीण कडेवरचं पोर सावरत म्हणाली, “अगं, ज्यांना स्वतःच्या पायातले बूट दिसत नाहीत, त्यांना नावं काय कळणार.” त्या वाक्याचा रोख मला लागला. मी तिथेच उभ्याने दोन्ही नावांचा खुलासा लिहिला, दोन शेजारणींचे जबाब घेतले आणि अहवाल स्वतः आयुक्तालयात नेऊन दिला. तिथल्या कारकुनाने सांगितलं की बाईंच्या जुन्या परवान्यांच्या फायलीत दोन्ही नावांची नोंद पहिल्यापासून होती. एक फोन केला असता तर मिळाली असती. पीआयसाहेब फक्त एवढंच म्हणाले, “एटले बेनने पूछ्युं, एम ने?” म्हणजे विचारलंत ना शेवटी बाईंना?

पासपोर्ट आला, मग व्हिसाही मिळाला. बाई जाऊन आल्यावर नवरा-बायको ठाण्यात पेढे घेऊन आली. आई बोलू शकत नव्हती, पण लेकीला ओळखलं होतं, तिच्या हाताने भात खाल्ला होता. “तिकडे सगळे कुसुम म्हणून हाक मारायचे,” बाई हसत म्हणाल्या, “आणि मला आधी कळायचंच नाही, की मलाच बोलावतात.” नवऱ्याने पेढ्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. या वेळी तो खुर्चीत बसला होता. माझ्या छातीवरचं ओझं तेव्हा कुठे उतरलं. त्या सकाळी टंकलेखकाला मसुदा सांगितला असता, तर तो भात राहून गेला असता.

पुढे नोकरीभर मी घाबरलेल्या माणसाला ‘विचारलं तेवढंच सांगा’ कधी म्हटलं नाही. घाबरलेला माणूस खरंच तेवढंच सांगतो, आणि आपण विचारलेलं चुकीचं असतं. त्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं. निम्मा तपास तिथेच होतो. उरलेला घरी बायको करते.

मामा आता नाहीत. पण परवा त्यांच्या मुलीचा फोन आला. “शकूताई आहे का?”

“आहे की,” मी म्हणालो, “इथेच राहते.” आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, “शकू!”

तिने ओ दिली.