विमानवाल्याचा मुक्काम

कपाशीवर औषध फवारायचं विमान घेऊन तो परभणीला आला होता. त्याचं घर पार पुण्याला, म्हणून हंगामापुरती त्यानं माझी पुढची खोली घेतली. बायको गेल्यापासून मला माझं घर खायला उठायचं, पण त्याला मी ऐकवलं, "तुझ्यावर उपकार करायलोय."

पहाटे उठून तो आधी लिंबाची पानं हलतात का बघायचा. वाऱ्यात फवारणी होत नाही. पानं हलली की म्हणायचा, "काका, आज सुट्टी!" मग चुलीपुढं बसायचा. माझी भाकर म्हणजे जिल्ह्याचा नकाशा. तिच्यावर बोट ठेवून विचारायचा, "यात गंगाखेड कुठं आलं?" आणि करपलेलं गंगाखेडसुद्धा खाऊन टाकायचा.

एक दिवस त्याला न्यायला जीप आली. धावपट्टीजवळच्या सरकारी बंगल्यात त्याला फुकट खोली मिळाली होती. मी तोऱ्यात त्याची ट्रंक बाहेर आणून आदळली. "जा बाबा, सुटलो एकदाचा!" म्हणालो, पण आवाज लय बारीक निघाला.

तो ड्रायव्हरला म्हणाला, "काकांची भाकर गोल होऊ दे, मग येतो," आणि ट्रंक उचलून परत आत गेला.

पुढं भाकर आपोआप गोल व्हायला लागली, तेव्हा माझी मोठीच पंचाईत झाली. रोज मुद्दाम वाकडी थापावी लागायची.