लायब्ररीसाठी सोडला चहा

मागच्या पावसाळ्यात खुलताबादला भद्रा मारुतीसमोर हात जोडून मी बोलून बसले, "मारुतीराया, सुनेच्या कामाला एका तरी अनोळखी माणसानं चांगलं म्हणेपर्यंत चहा सोडला!" देवळातून बाहेर आले आणि पहिल्याच टपरीपाशी पस्तावले. असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. खाली व्रतवाली सासू आणि माडीवर कॉम्प्युटरवाली सून असली, की ते माळ्यावरच्या रिकाम्या बरण्यांसारखे आपोआप साठत जातात.

आधी काम काय ते सांगते. प्रोग्रामर लोक सगळं स्वतः लिहीत नाहीत. दुसऱ्यानं लिहून सगळ्यांसाठी मोकळा ठेवलेला कोड उचलतात, त्याला लायब्ररी म्हणतात. अशा ढिगानं पडल्यात. चांगली कोणती ते कळत नाही. म्हणून माझी सून मेघना आणि तिचा कॉलेजातला मित्र इम्रान यांनी आमच्या माडीवर बसून एक साइट काढली. लायब्ररी शोधा, वापरा, आवडली तर इतरांना शिफारस करा. शोधायला लोक यायचे, घेऊन जायचे. शिफारस मात्र कुणी म्हणून लिहीत नव्हतं! दिवाळीपर्यंत असंच चाललं तर साइट बंद, मेघनाला पुण्याची नोकरी, आणि तिच्यासोबत माझी नात ओवीही पुण्याला. म्हणून तो चहा.

*

सून करते काय, असं भजनी मंडळात विचारलं तर सांगता आलं पाहिजे ना! मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "समजा कुणीतरी भाजणी आधीच भाजून, दळून ठेवलीय. आपण नुसती न्यायची आणि थालीपीठ लावायचं. कुणाची भाजणी चांगली, ते आमची मेघना सांगते."

बायकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जमलं!

दुसऱ्या दिवशी शेंद्र्याहून नणंदेचा फोन. "वहिनी, मेघनाची भाजणी लई भारी म्हनं! किलोभर लावून द्या की!"

*

तपासणीसाठी मेघनानं मलाही एक खातं उघडून दिलं. "आई, नुसती बटणं दाबून बघा, चालतात का."

प्रत्येक लायब्ररीपुढं तारे होते. आता हळदीकुंकवाला घरात आलेल्या बाईला मी कधी वगळलं नाही, मग इथं कुणाच्या मेहनतीला कमी कसं म्हणू? दुपारभर बसले आणि दिसेल तिला पाच तारे वाहिले! एक पंचांगाची होती, तिला जरा जास्तच भक्तिभावानं. रोज उघडून बघायचे.

त्यानंतर साइट येईल त्या माणसाला पंचांगाचीच लायब्ररी सुचवायला लागली. इम्राननं डोकं धरलं. "काकू, ये क्या करके रखे? बँकेचं काम करणाऱ्या पोराला एकादशी कायकू दाखवतेय ही?"

"का? बँकेतली माणसं उपास करत नाहीत?" मी म्हटलं. खातं त्याच दिवशी बंद झालं.

*

मी शुक्रवारी आंबट खात नाही. एका शुक्रवारी साइटमधली मोठी दुरुस्ती तयार झाली. मी म्हटलं, "मग चढवून टाका की आजच!"

दोघं एकदम ओरडले, "शुक्रवारी नाही!"

"का बरं?"

"शुक्रवारी काही चढवलं की शनिवार-रविवार बोंबलत बसावं लागतं."

"हे कुठल्या पोथीत आहे?"

"पोथीत नाही काकू," इम्रान म्हणाला, "सबका तजुर्बा है."

जेवायला बसताना हे म्हणाले, "एकीला शुक्रवारी आंबट चालेना, दुसरीला अपडेट चालेना. मी तरी जेवू का?"

*

चहावाचून माझं कपाळ असं दुखायचं, की घरातले सगळे चोरासारखे वावरत. शेवटी ह्यांनीच विचारलं, "अगं, व्रत तुझं आहे की आमचं?"

इम्रानची अम्मी खुलताबादहून आली, येताना दौलताबादची सीताफळं घेऊन आली. तिनंही दर्ग्यात मन्नत मागितली होती. मी विचारलं, "तुम्ही काय सोडलं?"

"मैं कायकू छोडूं? मैं बोली, बच्चों का काम हुआ तो चादर चढाऊंगी."

आणि आलं घातलेला चहा फुर्र करून प्यायली! नवस फेडायचा तो काम झाल्यावर, हे मला ठाऊक नव्हतं का? आयुष्य गेलं त्यात. पण घाईत मी आधीच फेडून बसले होते.

*

दिवाळी जवळ आली. पुण्यावाल्यांचे फोन वाढले. एका दुपारी दोघं माडीवर पडेल चेहऱ्यानं बसलेली. मी खाकरा घेऊन वर गेले आणि सहज म्हटलं, "आमच्या व्रतांच्या पुस्तिकेत मागं छापलेलंच असतं बाई. पावलं तर चारजणींना सांगा, टाळाल तर घरात काहीतरी बिघडेल."

इम्रान खो-खो हसला आणि तिथल्या तिथं साइटच्या तळाला एक ओळ टाकली. "काम झालं असेल तर शिफारस लिहा. टाळाल तर सोमवारी सर्व्हर बसेल." सर्व्हर बसला की ह्या लोकांचं सगळं कामच ठप्प होतं.

"काढ ते! लोक हसतील," मेघना म्हणाली.

"हसण्यापुरते तरी थांबतील ना!"

सोमवारी मी पूजेला बसले होते. माडीवरून मेघनाची हाक आली, "आई, लवकर या!" धापा टाकत वर गेले. तिनं वाचून दाखवलं. कुणीतरी परगावचा, ना ओळखीचा ना पाळखीचा. "मागच्या आठवड्यात तुमच्या साइटवरून लायब्ररी नेली. काम झालं. सांगायचं टाळलं. आज सकाळी आमचा सर्व्हर खरंच बसला. लायब्ररी उत्तम आहे, तुमची साइटही. माफ करा."

संध्याकाळपर्यंत अशा आणखी माफ्या आल्या. पुण्याचा फोन वाजला, तेव्हा मेघना म्हणाली, "सध्या नाही जमणार हो."

इम्रानचा मात्र रंग उडालेला. "काकू, वो तो मैं मजाक में लिखा था."

"हो का?" मी म्हटलं.

त्यानं खुर्ची ओढली आणि कॉलेजपासून जी जी लायब्ररी वापरली, तिची तिची शिफारस लिहायला बसला. एव्हाना स्वयंपाकघरात गेलेल्या मेघनानं खालून विचारलं, "आई, चहात आलं घालू ना?"

तुम्हीही कुणाचं काही आयतं उचललं असेल आणि काम झालं असेल, तर एकाला तरी सांगा. सोमवारच्या आत सांगितलंत तर बरं.